चार वाटांवरचं मचाण

ब्रिस्टल सोडून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात मेंडिपच्या टेकड्या लागतात. फार उंच नाहीत. सह्याद्रीशेजारी नेऊन ठेवल्या तर शेताच्या बांधासारख्या दिसतील. पण या टेकड्या सबुरीच्या आहेत. पडलेला पाऊस त्या पोटात घेतात, चुनखडीतून आत आत नेतात आणि भलत्याच गावाखाली झरा करून सोडून देतात. अशाच एका टेकडीच्या कुशीत टॉलर्स कूम नावाची घळ आहे आणि घळीत त्याच नावाचं रान.

या रानातली हरणं मुरलीधर खैरनार सांभाळतात. सांभाळतात म्हणजे मारतात. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण या देशात हरणाला खाणारं जनावर उरलेलं नाही. लांडगा गेला त्याला शतकं झाली. हरणं वाढत राहतात आणि रान खात राहतात.

टॉलर्स कूममध्ये हेझलची झाडं आहेत. हेझल जमिनीलगत तोडलं तर मरत नाही, उलट त्याच्या बुंध्यातून धुमाऱ्यांचा झुबका उठतो. दर हिवाळ्यात रानाचा एकेक तुकडा असा तोडायचा, ही इथली फार जुनी रीत. मग ऊन खाली पोचतं, जमिनीत निजलेली फुलं जागी होतात, बुलबुलासारखे पक्षी परत येतात. फक्त धुमारा कोवळा असतो, आणि कोवळं सगळ्यांनाच आवडतं. दोन-तीन वर्षं हरणांनी धुमारे ओरबाडले की बुंधा थकतो आणि एका वसंतात उठतच नाही. म्हणून कुणीतरी हिवाळाभर रायफल घेऊन बसावं लागतं, आणि माद्या कमी कराव्या लागतात.

मुरलीधर मूळचे बागलाणातले. नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते, तिथून ब्रिस्टलला विमानांचे पंख जोडायला आले आणि इथंच निवृत्त झाले. ब्रिस्टलची मराठी मंडळी त्यांना मुरलीआप्पा म्हणतात. बुटके, रुंद हाडाचे, बोलायला सावकाश. एखादा प्रश्न विचारला की ते आधी समोरच्याच्या बुटांकडे बघतात आणि मग उत्तर देतात.

हरणांचं वेड त्यांना कारखान्यातल्या एका सोबत्यानं लावलं. रीतसर परीक्षा दिली, नेम दाखवला. मग परवान्याच्या चौकशीला पोलिसांकडून एक बाई घरी आली. बंदुकीचं लोखंडी कपाट तिनं हलवून पाहिलं, भिंतीतले बोल्ट बोटांनी चाचपले, आणि स्वयंपाकघरात जाऊन मधुमतीबाईंना, म्हणजे आप्पांच्या पत्नीला, बाजूला घेऊन विचारलं, "नवऱ्याच्या हातात बंदूक असली तर तुम्हाला भीती वाटेल का?"

"त्यांच्या हातात झारा असला की वाटते," मधुमतीबाई म्हणाल्या आणि तिच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली.

परवाना आला. पुढं टॉलर्स कूमची मालकीण ॲलिसन ट्रिप हिला कुणीतरी आप्पांचं नाव सांगितलं. वडिलांच्या मागं रान तिच्याकडं आलं होतं. पन्नाशीची, लांब पावलं टाकणारी बाई. तिनं आप्पांना रान फिरवून दाखवलं आणि म्हणाली, "बघ तुला जमतं का." आप्पांनी तिच्या बुटांकडं पाहिलं. चिखलानं भरलेले, पण नाडी नीट बांधलेली. "जमेल," ते म्हणाले.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मचाण बांधलं.

घळीच्या पोटात एक मोकळी जागा आहे. तिथं चार गवती वाटा एकमेकींना भेटतात. त्या चौकाच्या बरोबर मधोमध त्यांनी लार्चच्या लाकडाचे चार खांब रोवले. वर बसायची फळी, पाठीला टेका, रायफल टेकवायला कठडा, डोक्यावर उतरतं छप्पर. फिटरचा हात तो. कुठं खिळा मारला नाही, सगळं बोल्टनं आवळलं आणि प्रत्येक बोल्टला ग्रीस लावलं. शिडीची पायरी न पायरी अशी घट्ट, की माणूस चढला तरी लाकूड हूं की चूं करत नसे. हरणाच्या कानाला लाकडाची करकर म्हणजे तोफ.

बांधणं चालू असताना ॲलिसन एकदा बघायला आली होती. "रानाच्या कडेला झाडांच्या आडोशानं नको का?" तिनं विचारलं.

"कडेला बसलो तर अर्धंच रान दिसतं," आप्पा म्हणाले. "इथून चारही वाटा दिसतात."

ते खरंच होतं. शिवाय वरून झाडलेली गोळी खाली जमिनीत जाते, पुढं कुणाच्या अंगावर जात नाही. हरणामागं माती कुठं आहे, पायवाटेवरून फिरायला येणारी माणसं कुठून निघतात, कुठल्या दिशेला बंदूक वळवायचीच नाही, हे सगळं आप्पांनी दिवसाउजेडी चालून ठरवून टाकलं होतं. एकदा ठरलं ते ठरलं. पक्क्या मचाणाचं हेच सुख असतं. रोज नव्यानं विचार करावा लागत नाही.

पहिला हिवाळा चांगला गेला. दुसऱ्या हिवाळ्यात हरणं कमी मिळाली. तिसऱ्यात तर आप्पा बसून बसून परत यायचे. हरणं होती, धुमारे रोज खाल्लेले दिसत होते, चिखलात ताजे खूर होते. पण ती निघत ती पार अंधार पडल्यावर, जेव्हा कायद्यानं बंदूक रिकामी करून घरी जायचं असतं. आप्पा वर बसून राहत. घळीत धुकं भरत जाई, घुबड बोलू लागे, आणि समोरच्या उतारावर काटेरी झुडपांत काहीतरी हललं की न हललं असं होई. मग ते गोळ्या काढून खिशात टाकत आणि शिडी उतरत.

चौथ्या हिवाळ्याच्या तोंडाशी, माद्यांचा हंगाम उघडला त्या आठवड्यात, ॲलिसननं त्यांना रानाच्या फाटकाशी गाठलं.

"मुरली, खालचे बुंधे मरायला लागलेत."

"पाहिलेत मी."

"बाथकडची काही माणसं आहेत. चाकांवरची मचाणं घेऊन येतात, गाडीला जोडून. आज इथं, उद्या तिथं. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही."

आप्पा तिच्या बुटांकडं बघत राहिले.

"हा हिवाळा तुझा," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये धुमारे बघू. तेव्हाही असेच असले तर रान त्यांना देईन. मला वाईट वाटेल, पण देईन."

"ठीक," आप्पा म्हणाले. घरी जाऊन मात्र त्यांनी ही गोष्ट मधुमतीबाईंना रात्रीच्या जेवणापर्यंत सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा भाजीत मीठ जास्त झाल्यासारखं तोंड करून सांगितली.

"मग घ्या की तुम्हीही चाकांचं," बाई म्हणाल्या.

"माझं मचाण पक्कं आहे. ते काय हातगाडी आहे का?"

दिवाळीच्या पाडव्याला मुलगा आला. नील लीड्सला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. जन्म ब्रिस्टलचा, मराठी घरातली. आईकडून त्याला सगळं कळलं होतं. त्यानं गाडीतून एक लांबलचक खोकं काढलं आणि बैठकीत आडवं ठेवलं.

"बाबा, हॅपी दिवाळी. हा ॲल्युमिनियमचा शिडी आहे, वरती सीट आहे. झाडाला लीन करायचं, स्ट्रॅप बांधायचं, डन. एकदम लाइटवेट. तुम्ही एकटा पण लावू शकता."

आप्पांनी खोक्यातला कागद काढून वाचला. "इथं लिहिलंय दोन माणसं पाहिजेत. एकानं खाली धरायचं, दुसऱ्यानं वर बांधायचं."

"ते फक्त इन्शुरन्ससाठी लिहितात, बाबा."

"विमानाच्या पंखावर पण असंच काहीबाही लिहिलेलं असतं," आप्पा म्हणाले. "आम्ही ते वाचत होतो म्हणून तू सुट्टीला उडत होतास."

नील हसला. आप्पांनी शिडीचा एक भाग उचलून पाहिला, मनगटानं हलवला, कान लावला. कुठंतरी जोड खुळखुळला. त्यांनी तो भाग खोक्यात परत ठेवला आणि खोकं गॅरेजमध्ये नेऊन उभं केलं. नाताळ आला, गेला. खोकं तिथंच होतं. आप्पा चौकातल्या मचाणावर जात राहिले आणि रिकाम्या हातानं येत राहिले. ॲलिसन रस्त्यात भेटली की हात करी, थांबत नसे.

फेब्रुवारीच्या शेवटी रानलसणाची पानं वर आली. दमट सावलीत हिरवा गालिचा पसरतो आणि सगळ्या घळीला फोडणी दिल्यासारखा वास सुटतो. मधुमतीबाई त्याची चटणी करतात. एरवी त्या रानात येत नसत, थंडीत मचाणावर बसण्यात काय आहे असं त्यांचं मत होतं, पण पानांसाठी येत. त्या दिवशी दोघं बरोबरच आले. दुपारची वेळ होती, रायफल घरी होती. बाई पानं खुडायला बसल्या आणि आप्पा समोरच्या उतारावर चढले. झुडपांत हरणं दिवसा कुठं निजतात ते त्यांना बघायचं होतं.

काटे बाजूला करत ते आत गेले. तिथं जमिनीला ताटाएवढे खळगे पडले होते, पाचोळा बाजूला सारलेला, माती अंगाच्या दाबानं गुळगुळीत. एका खळग्यात करडे केस होते. आप्पांनी हात टेकवला. माती अजून गार व्हायची होती. त्यांची चाहूल लागताच जनावर उठून गेलं होतं.

तेवढ्यात पाऊस आला. खाली बाईंनी पिशवी डोक्यावर धरली, इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ मचाणाची शिडी चढून छपराखाली जाऊन बसल्या. आप्पा खळग्याशेजारी उकिडवे बसले, हरणाच्या उंचीवर, आणि त्यांनी खाली पाहिलं.

पाऊस थांबेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग उतरून आले. बाई वरच होत्या.

"डबा उघडलास," आप्पा खालून म्हणाले.

"उघडला. भूक लागली होती."

"पुरी खाल्लीस. मग लोणच्याचं बोट चाटलंस."

बाईंनी कठड्यावरून खाली पाहिलं. "नवऱ्यानं झुडपात लपून बायकोवर नजर ठेवायची, हे वय आहे का?"

"मधू, मला तिथून तुझं बोट दिसलं."

"मग?"

"मग त्यांना माझं काय काय दिसत असेल?"

बाई शिडी उतरल्या. हरणाला रंगाचं फार कळत नाही, पण हालचाल कळते. कान खाजवला, थर्मासचं झाकण फिरवलं, मान वळवली, सगळं उघड्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर. आप्पा खांबाला हात लावून उभे राहिले. आपण कुठं चुकलो हे त्यांना अजून पुरतं शब्दांत सापडत नव्हतं. ते बाईंनी सांगितलं, तेही पानांची पिशवी बांधता बांधता.

"लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या मळ्यात बाजरीच्या मधोमध असाच माळा होता. सासूबाईंनी लांबूनच दाखवला. तुमचे काका वर उभे राहून गोफण फिरवत होते, ओरडत होते. मी विचारलं, एवढं का ओरडतात? तर म्हणाल्या, राखणदार आहे हे डुकरांना कळायला नको का?" त्यांनी गाठ मारली. "तुम्ही इथंही तेच बांधलंय. फक्त ओरडत नाही."

आप्पांनी मान वर करून मचाणाकडं पाहिलं. लहानपणी ज्या माळ्यावर ते वाढले, त्याचं काम दिसणं हेच होतं. जनावरानं लांबूनच पाहावं, माणूस आहे हे ओळखावं आणि मागं फिरावं. त्यांच्या हातांनी सवयीनं तीच जागा निवडली होती, तीच उंची, तेच चारी बाजूंचं मोकळं रान. आणि हरणं, जनावरांच्या शहाणपणानं, दिसलेल्या राखणदाराला मान देऊन अंधार पडेपर्यंत थांबत होती.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी गॅरेजमधलं खोकं काढलं.

हंगाम मार्चअखेर संपतो. हातात महिनाच होता. झाड निवडायला त्यांनी सकाळ घालवली. वाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात चांगली जागा एका उंच ॲशच्या झाडापाशी होती, हरणांच्या वाटेच्या अगदी बाजूला. पण गेली काही वर्षं इकडच्या ॲशना रोग लागलाय. झाड उभंच्या उभं वाळतं आणि फांदी न सांगता खाली येते. आप्पांनी खोडावर मूठ आपटली, आवाज ऐकला आणि पुढं निघाले. पुढं एक ओक होता. जागा थोडी वाईट, झाड चांगलं.

"धर," ते म्हणाले.

मधुमतीबाईंनी दोन्ही हातांनी शिडी धरली. "पडलात तर मी झेलणार नाही. बाजूला होणार, आधीच सांगते."

"शिडी सोडू नकोस म्हणजे झालं."

"हलतेय ही."

"म्हणूनच तुला धरायला सांगितलंय."

आप्पांनी वर जाऊन पट्टा आवळला, खाली येऊन पुन्हा आवळला, पुन्हा वर गेले. खुळखुळणारा जोड त्यांनी आदल्या दिवशीच रबराची चकती घालून गप्प केला होता. या मचाणाला छप्पर नव्हतं, पाठीला टेका नव्हता, आणि बसलं की ओकाची साल मणक्यात रुतत होती. पण मागं खोड होतं, पुढं फांद्या होत्या, आणि वारा हरणांकडून आप्पांकडं येत होता, म्हणजे माणसाचा वास हरणांना लागत नव्हता. माणूस झाडाचाच एक गाठाळ भाग वाटत होता.

पहिल्या दोन संध्याकाळी काही झालं नाही. तिसऱ्या संध्याकाळी, चांगला उजेड असताना, झुडपांतून एक रो मादी बाहेर आली. रो म्हणजे इकडचं लहानखुरं हरीण, शेळीपेक्षा थोडं उंच. तिनं चौकातल्या रिकाम्या मचाणाकडं एकदा मान करून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग ती धुमारे खाऊ लागली. आप्पांनी ती आडवी होईपर्यंत वाट पाहिली, तिच्यामागं चढाची माती होती हे पाहिलं, आणि गोळी झाडली. आवाज घळीत फिरून विरला. मादी जागीच पडली. आप्पा बराच वेळ तसेच बसून राहिले, मग बंदूक रिकामी केली, दोरीनं खाली सोडली आणि उतरले.

त्यानंतर शिडी या झाडावरून त्या झाडाला फिरत राहिली. वारा फिरला की झाड बदलायचं, आणि झाड बदलायचं तर बाई पाहिजेत. त्या येत. येताना वाचायला काहीतरी आणत आणि शिडी बांधून झाली की गाडीत जाऊन बसत. आप्पांना हे जड गेलं. पक्क्या मचाणावर ते एकटे असत, कुणाला विचारावं लागत नसे. आता सकाळी चहाबरोबर विचारावं लागे, "आज वेळ आहे का?" आणि कधी कधी उत्तर येई, "आज नाही. आज राजश्रीकडं भिशी आहे." त्या दिवशी ते घरीच राहत.

फिरत्या मचाणाचा दुसरा तोटा त्यांना एका संध्याकाळी कळला. नवी जागा घाईत निवडली होती. मादी अगदी समोर आली, आडवी उभी राहिली, खांदा उघडा. आप्पांनी गाल रायफलीला लावला आणि तिच्यामागं पाहिलं. मागं चढ नव्हता. झाडांची विरळ ओळ होती आणि तिच्या पलीकडं, त्यांना पक्कं माहीत होतं, गावातली माणसं कुत्री घेऊन फिरायची ती पायवाट. दिसत कुणीच नव्हतं. आप्पांनी बोट काढून घेतलं. मादी निवांत खाऊन निघून गेली. त्यानंतर ते जागा बदलायच्या आधी चहूबाजूंनी चालून येऊ लागले, आणि त्यात आणखी काही संध्याकाळी गेल्या.

मार्च संपला. शिडी गॅरेजमध्ये गेली.

एप्रिलच्या मध्यावर ॲलिसन आली. निळ्या फुलांनी जमीन झाकायला सुरुवात केली होती. ती वरच्या तुकड्यात गेली, बुंध्याबुंध्याशी वाकली, धुमाऱ्यांची टोकं बोटांत धरून पाहिली. आप्पा चार पावलं मागं चालत होते. मग ती खालच्या तुकड्यात गेली. तिथं ती फार वाकली नाही.

"वरचं वाचलंय," ती म्हणाली. "टोकं शाबूत आहेत, गुडघ्यापर्यंत आलीत. खालचं नाही वाचलं. तिथले काही बुंधे गेले."

"मी उशिरा जागा झालो," आप्पा म्हणाले.

"माहीत आहे. तुझी बायको भेटली होती दुकानात." तिनं बुटाचा चिखल गवताला पुसला. "बाथच्या माणसांना मी नाही म्हणते. पुढचा हिवाळाही तुझा. पण एक अट आहे."

"बोल."

"ते मोठं मचाण उतरव."

आप्पांनी तिच्या बुटांकडं पाहिलं. मग चौकाकडं. लार्चचे खांब पावसानं रुपेरी झाले होते आणि छपरावर शेवाळ धरलं होतं.

"ते मी बांधलंय, ॲलिसन. अजून पंधरा वर्षं हलायचं नाही."

"तेच तर. ते उभं आहे तोवर थंडीच्या दिवशी तू त्यातच जाऊन बसशील. छप्पर आहे, टेका आहे, एकट्याला जमतं. मी तुला ओळखते." ती चालू लागली. "आणि दुसऱ्या कुणाला उतरवायला सांगितलं तर तो करवत लावेल. म्हणून तुला सांगतेय."

आप्पांनी पंधरवडा घेतला. मग मे महिन्यातल्या एका कोरड्या सकाळी पान्ह्यांची पेटी घेऊन गेले. मधुमतीबाई बरोबर होत्या. छपराचे पत्रे त्यांना नगरपालिकेकडून भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावरच्या शेडसाठी हवे होते.

बोल्ट सहज निघाले. ग्रीस अजून तसंच होतं, एकही गंजला नव्हता. आप्पा वरून एकेक तुकडा देत होते आणि बाई खाली रचत होत्या. कठडा आला, टेका आला, बसायची फळी आली. फळीवर माणसाच्या बसण्यानं गुळगुळीत झालेली जागा होती. बाईंनी ती उलटी करून ठेवली. खांब निघाले तेव्हा दुपार कलली होती. चौक एकदम मोठा दिसू लागला, आणि चारही वाटा नुसत्याच येऊन एकमेकींना भेटू लागल्या.

दोघं खांबांच्या राशीवर बसले. बाईंनी चहा ओतला.

"नोव्हेंबरात हंगाम उघडतो," आप्पा म्हणाले. "पहिल्या आठवड्यात शिडी लावावी म्हणतो."

"पहिल्या आठवड्यात मी नाही. सुप्रभाकडं स्टॅनमोरला जायचं ठरलंय, तिच्या नातवाचा पहिला वाढदिवस आहे."

"दुसऱ्या आठवड्यात?"

"बघते."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे विचारलंत ते बरं केलंत," मधुमतीबाई म्हणाल्या. "आयत्या वेळी सकाळी उठून विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं."

"मे महिना चाललाय, मधू."

"हो ना. म्हणून तर बघते म्हणाले." त्यांनी उरलेला चहा गवतावर टाकला आणि एक पत्रा उचलून बघितला. "याचं दुसरं टोक धरा. एकटीला नाही जमायचं."

आप्पांनी उठून दुसरं टोक धरलं.